पालामास्तरचं शिखर

मंगळवार, १४ मे २०१९. सकाळी धुकं, दहानंतर ऊन. अंडी तीन, त्यातलं एक फुटकं. चहाचं आलं संपलं. दुपारी चार वाजता शेजारचा ओरेस्ती इरिंगाच्या बसमधून उतरला आणि स्वतःच्या घरी न जाता थेट माझ्या अंगणात येऊन उभा राहिला. टोमॅटोच्या पाल्यात औषध सापडलं म्हणाला. पायात दोन मोजे दोन रंगांचे होते.

वहीत लिहिलं होतं तसंच वर उतरवलं आहे. शाळेत आम्हाला सिस्टर अमाबिलिस सांगायच्या, रोज लिहा, पण जे घडलं ते लिहा; जे वाटलं ते देवाला सांगा, त्याला वेळ असतो. तेव्हापासून आज सत्तावन्न वर्षं मी तसंच करते. नवरा वारला त्या दिवशीही पाऊस किती पडला ते लिहिलं आहे. या सवयीने माझं कधी नुकसान झालं नाही. ओरेस्तीचं मात्र होता होता राहिलं, की झालं, ते अजून मला नीट ठरवता आलेलं नाही.

ओरेस्ती माझा विद्यार्थी; आडनाव लुलांडाला. मी आमच्या इलुला गावच्या शाळेत नवीन लागले तेव्हा तो दुसरीत होता. अक्षर सुंदर, पाढे वाईट, आणि प्रत्येक वस्तूवर नाव लिहायची खोड. पाटीवर नाव, पेन्सिलीवर नाव, एकदा तर आपल्या वाटणीच्या रताळ्यावर कोळशाने नाव लिहून आणलं होतं. मोठेपणी तो इरिंगाच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत सहायक म्हणून लागला आणि तिथे त्याच्या खोडीला नोकरी मिळाली. एकतीस वर्षं त्याने बाटल्यांवर चिठ्ठ्या लावल्या. कुठला पाला, कुठल्या शेतातला, कुठल्या तारखेचा. सगळं पेन्सिलीने. "शाई स्पिरिटने पुसली जाते, बाई. पेन्सिल पुसली जात नाही," हे त्याने मला इतक्या वेळा सांगितलं आहे की मीही आता बिशपना पत्र लिहिताना पेन्सिल घेते.

त्याचं काम म्हणजे पाला वाळवायचा, उखळात कुटायचा, स्पिरिटमध्ये तीन दिवस भिजत घालायचा, गाळायचा, आणि त्या हिरव्या अर्कात थेंब थेंब औषधं टाकून रंग बदलतो का ते बघायचं. काळसर झालं तर एक द्रव्य, लाल झालं तर दुसरं, हलवून फेस टिकला तर तिसरं. घरीसुद्धा त्याची बायको गौदेन्सिया कपडे धुवायला बसली की हा बादलीतल्या फेसाकडे घड्याळ लावून बघत राही. गाव त्याला पालामास्तर म्हणे.

गौदेन्सिया हमरस्त्यावर टोमॅटो विकते. बस थांबली की डोक्यावर बादली घेऊन खिडकीशी धावते. तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो, आणि नवऱ्याच्या बाबतीत त्याच्याही पुढे.

"आख्खा गाव टोमॅटो तोडतो नि पाला गुरांपुढे टाकतो," ती म्हणायची. "आमचे मास्तर टोमॅटो टाकतात नि पाला घरी आणतात. लग्नात माझ्या आईने बघितलं होतं, मुलगा जरा वेगळा आहे. पण वाटलं, लाजतोय."

या एकतीस वर्षांत त्या कॉलेजातून पाल्यावरचे अकरा लेख छापून आले. ओरेस्तीने सगळ्यांच्या प्रती जपल्या आहेत. त्यातल्या एकातही त्याचं नाव नाही. शेवटी आभार असतात, तिथे "प्रयोगशाळेतील कर्मचारीवर्ग" असं लिहिलेलं असतं. सातव्या लेखात तर रखवालदाराचं नाव आहे, कारण त्याने रोपांवर तुटून पडलेली बकरी हाकलली होती.

"बाई, बकरी हाकलली म्हणून नाव," ओरेस्ती म्हणाला होता. "मी बकरी व्हायला हवं होतं. निदान उल्लेख झाला असता."

तो जूनअखेर निवृत्त होणार होता. आणि या शेवटच्या वर्षी कॉलेजात विनिफ्रिडा म्गाया नावाच्या नव्या डॉक्टरबाई आल्या. दार-एस-सलामच्या, समुद्राकाठच्या, चौतिशीतल्या, थंडीने सतत कुडकुडणाऱ्या. त्यांनी पहिल्याच आठवड्यात ओरेस्तीला सांगितलं, "काका, टोमॅटोच्या पाल्यात औषधी काही आहे का ते बघायचंय. पाला तुम्ही आणायचा, वाळवायचा, अर्क तुम्ही काढायचा. मग लेखावर नाव दोघांचं. माझं पहिलं, तुमचं दुसरं."

ओरेस्ती तीन दिवस जेवला नाही. गौदेन्सियाला वाटलं कावीळ झाली.

कॉलेजातल्या वाळवणीच्या खोलीचे पत्रे त्या वर्षी काढलेले होते. पाला सावलीत वाळवावा लागतो, उन्हात त्यातलं सत्त्व उडतं. म्हणून तो माझ्याकडे आला. माझ्या कोठीत, जिथे मका आणि घेवड्याची पोती असतात, भिंतीला एक लांब फळी आहे. "ती फळी द्या, बाई. पंधरा दिवस फक्त." मी दिली. मार्चमध्ये एकदा थोडा पाला त्याने वाळवला, मग एप्रिलमध्ये मोठा घाणा. त्या मोठ्या घाण्याचा अर्क दार-एस-सलामला गेला, तिथल्या यंत्राकडे, आणि चौदा मेला त्याचा कागद आला. तोच घेऊन तो दोन रंगांच्या मोज्यांत माझ्या अंगणात उभा होता.

"शिकामू, बाई," त्याने वडीलधाऱ्यांना करायचा नमस्कार केला.

"मराहाबा. बस आधी."

तो बसला नाही. कागद माझ्यापुढे धरला. खाली एक आडवी रेघ आणि तिच्यावर उभी टोकं, लहान, मोठी, एकमेकांना चिकटलेली. मधोमध एक टोक इतकं उंच की कागदाच्या वरच्या कडेला डोकं आपटत होतं.

"अर्काची वाफ करून बारीक नळीतून सोडतात," तो म्हणाला. "त्यातलं जे हलकं ते आधी पळतं, जड मागून येतं. एकेक टोक म्हणजे एकेक पदार्थ. आपल्या शाळेतल्या शर्यतीसारखं."

"शर्यतीत तू नेहमी मागून यायचास."

"मी जड पदार्थ आहे, बाई. पण हे बघा." त्याने उंच टोकावर बोट ठेवलं. "हे खोकल्याच्या औषधात असतं. टोमॅटोत आजवर कुणी इतकं पाहिलेलं नाही. नाव मात्र सांगता येत नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, शनिवारी कॉलेजात पाहुण्यांसमोर जाहीर करू, तोवर तोंड बंद."

ओरेस्तीने तोंड बंद ठेवलं. गौदेन्सियाचं कोण बंद ठेवणार? दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या बसला ती ओरडत होती, "खोकल्यावरचे टोमॅटो! पाला फुकट! कॉलेजने पास केलेला!" दहा वाजेपर्यंत तिची बादली तीनदा रिकामी झाली. इतकी वर्षं ज्या पाल्यावरून तिने नवऱ्याला टोचून खाल्लं, त्याच्या जुड्या बांधून ती आता खिडकीतून आत देत होती.

दुपारपर्यंत गावातली अर्धी रोपं बोडकी झाली. उलान्झी, म्हणजे बांबूच्या रसाची दारू, विकणारा म्हातारा बेनिग्नुस, ज्याच्या खोकल्यावरून गावात लोक वेळ सांगतात, त्याने पातेलंभर काढा करून प्यायला आणि संध्याकाळपर्यंत अंगणात ओणवा होता. ओरेस्ती धावत गेला. "अरे बाबा, पाला असा प्यायचा नसतो! पोट बिघडतं त्याने! औषध त्यातून वेगळं काढावं लागतं!"

"ते माझ्या पोटाने काढलं की," बेनिग्नुस म्हणाला.

"खोकला तरी थांबला का?"

"थांबला. खोकायला वेळच कुठे मिळाला!"

हे बुधवारी, पंधरा तारखेला. बेनिग्नुसकडून परतताना ओरेस्ती माझ्याकडे आला, फळीवर राहिलेला थोडा पाला घ्यायला. मी कोठीचं दार उघडलं. आत अंधार होता. तो पोत्यांमधून वाट काढत फळीपर्यंत गेला, आणि एवढ्या आनंदात माणसाच्या पोटात किती राहणार, तिथेच वळून हळूच म्हणाला,

"बाई, तुम्हाला म्हणून सांगतो. सिनिओल. निलगिरीच्या तेलात असतं ना, तेच! डॉक्टरबाईंना याचंच तर आश्चर्य वाटतं, की निलगिरीतलं द्रव्य टोमॅटोत आलं कुठून!"

हे म्हणताना त्याच्या कानाला एक फांदी टोचत होती. ती त्याने हाताने बाजूला सारली आणि बोलत राहिला.

ती फांदी निलगिरीची होती.

आमच्याकडे कोठी म्हटली की निलगिरी आलीच, जशी दाराला कडी. पोत्यांवर फांद्या टाकल्या नाहीत तर घेवड्याला महिन्याभरात भोकं पडतात. माझ्या सासूने टाकल्या, तिच्या सासूने टाकल्या. डोंगरावर निलगिरीचं रान आहे, मिशनच्या लोकांनी लावलेलं. त्या वासाकडे कुणाचं लक्ष जात नाही, जसं स्वतःच्या घराच्या वासाकडे जात नाही. त्यातून ओरेस्तीचं नाक एकतीस वर्षांच्या स्पिरिटने केव्हाच रजेवर गेलेलं. गौदेन्सियाचा भात करपला तरी तो त्याला तिच्या चेहऱ्यावरून कळतो.

तो पाला घेऊन शीळ घालत गेला. मी आत येऊन वहीतली एप्रिलची पानं काढली.

सोमवार, १ एप्रिल: ओरेस्तीने पाला फळीवर पसरला, मोठा घाणा. मंगळवार, २ एप्रिल: नवा घेवडा दोन पोती आला. निलगिरीच्या सात फांद्या घातल्या, चार पोत्यांवर, तीन फळीवर, मुंग्या होत्या म्हणून.

माझंच अक्षर. पंधरा दिवस तो पाला माझ्या हाताने घातलेल्या निलगिरीखाली वास पीत पडला होता, आणि वरून चुराही गळत असणार. ओरेस्तीच्या कागदावरचं सर्वांत उंच शिखर माझ्या सासूच्या रिवाजाचं होतं.

गुरुवारी सकाळी वही घेऊन गेले. ओसरीवर गौदेन्सिया कोळशाच्या इस्त्रीने त्याच्या पांढऱ्या कोटाला घड्या पाडत होती. ओरेस्ती शनिवारच्या भाषणाची तालीम करत होता. समोर दोन कोंबड्या.

मी उभ्याउभ्याच दोन तारखा वाचल्या. ओरेस्ती कोंबड्यांकडेच बघत राहिला.

"फळीवर तीन?" त्याने शेवटी विचारलं.

"तीन."

"डॉक्टरबाईंनी मला विचारलं होतं. काका, वाळवताना तिथे दुसरी कुठली वनस्पती होती का? मी म्हणालो, मका नि घेवडा, पोत्यात बांधलेला. बाकी काही नाही." तो खाली बसला. "बाई, मी खोटं बोललो नाही हो. वनस्पती म्हणजे झाड. कोठीतली निलगिरी काय झाड असते?"

"मग काय असते?" गौदेन्सियाने विचारलं.

"कोठी असते."

गौदेन्सियाने इस्त्री बाजूला ठेवली. "बाई, तुम्ही रोज लिहिता ते बरोबर. पण लिहिलेलं परत वाचायचं, असंही सिस्टरांनी सांगितलं होतं का?"

"हे अजून कुणाला माहीत आहे?" ओरेस्तीने विचारलं. त्याने ते फार हळू विचारलं. मी त्याला सात वर्षांचा असल्यापासून ओळखते. शेजारच्या पाटीवरचं गणित उतरवायच्या आधी तो असाच आवाज काढायचा.

"देवाला आणि वहीला."

"देव बोलत नाही," गौदेन्सिया म्हणाली, "आणि वही चुलीत घालता येते. शनिवार झाला, लेख छापला, जूनमध्ये पेन्शन सुरू झाली, की मग निलगिरी का टोमॅटो ते जगाने बघून घ्यावं. एकतीस वर्षं या माणसाने बाटल्या धुतल्या, बाई. एक नाव. बकरीवाल्याला मिळालं ते."

ती रडत नव्हती. ती बस सुटताना ओरडते तसं ओरडत होती, पण बसच नव्हती.

फांद्या मी घातल्या होत्या. ओरेस्तीने माझ्या हातातून वही घेतली आणि चुलीकडे नाही, पण मागे मागे पानं उलटत गेला. मार्चवर थांबला.

"सोमवार, ११ मार्च," त्याने मोठ्याने वाचलं. "ओरेस्तीने थोडा पाला फळीवर पसरला. कोठी रिकामी, झाडून घेतली. उंदीर एक." त्याने मान वर केली. "कोठी रिकामी! बाई, फांद्या?"

"रिकाम्या कोठीत फांद्या कशाला घालू? निलगिरी काय उंदरासाठी असते?"

"त्या पाल्याचा अर्क आहे! कॉलेजच्या फ्रिजमध्ये, खालच्या कप्प्यात. कमी होता म्हणून पाठवला नव्हता. माझी चिठ्ठी आहे त्यावर." तो उभा राहिला. "पेन्सिलीने!"

"आता पेन्सिलीचं कौतुक," गौदेन्सिया म्हणाली, पण इस्त्री पुन्हा उचलली.

त्याने तिथूनच डॉक्टरबाईंना फोन लावला. फोन जुना, आवाज अंगणभर ऐकू येत होता. त्याने सगळं सांगितलं.

"काका," डॉक्टरबाई म्हणाल्या, "कोठीत निलगिरी का ठेवतात?"

"का म्हणजे? कोठी आहे ती, डॉक्टरबाई."

पलीकडून आवाज आला, "म्हणून अर्काला इतका छान वास येत होता. मी मूर्ख. मला वाटलं इलुलाचा टोमॅटोच छान." आणि नंतर, "हे आतापर्यंत कुणाकुणाला सांगितलंय?"

"निलगिरीचं कुणालाच नाही."

"आणि औषधाचं?"

ओरेस्तीने बायकोकडे पाहिलं. "आमच्या वाटेने गेलेल्या बसमधल्या लोकांना. म्बेयापर्यंत."

डॉक्टरबाईंनी शनिवारचा कार्यक्रम रद्द करायचं ठरवलं. ओरेस्ती नको म्हणाला. पत्रिका छापून झाल्या होत्या, त्यावर वक्ता म्हणून त्याचं नाव होतं. "छापलेलं नाव पहिल्यांदा आलंय, बाई," तो मला म्हणाला. "त्याच्याखाली उभा तरी राहतो."

शनिवारी मी आणि गौदेन्सिया दुसऱ्या रांगेत बसलो. तिने रंगीत छापील कापडाचं नवं कितेंगे नेसलं होतं आणि चेहरा अंत्ययात्रेला जाताना असतो तसा ठेवला होता. ओरेस्ती कडक कोटात वर आला आणि खिशातून निलगिरीची फांदी काढून टेबलावर ठेवली. सगळं सांगितलं. पाला, फळी, फांद्या, बेनिग्नुससुद्धा. लोक आधी कुजबुजले, मग एकेक करून हसायला लागले, बेनिग्नुसपाशी तर प्राचार्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"म्हणजे मिस्टर लुलांडाला, टोमॅटोच्या पाल्यात काय आहे, ते आपल्याला अजून माहीत नाही?" त्यांनी विचारलं.

"नाही, सर. पण माझ्या बाईंच्या कोठीत काय आहे, ते अगदी नक्की माहीत आहे."

मागच्या बाकावरची मुलं टाळ्या वाजवू लागली. एका मुलीने उठून विचारलं, सर, पेन्सिलीची चिठ्ठी कशी लावायची ते दाखवाल का? त्याने वीस मिनिटं दाखवलं. कुणी थांबवलं नाही. गौदेन्सिया माझ्या कानाशी म्हणाली, "बघा, घरी मी थांबवते तर मीच वाईट."

जुलैत मार्चच्या अर्काचा कागद आला. उंच शिखर गायब. उरली होती बुटकी टेकाडं, बरीचशी पानापानांत सापडणारी. त्यातली दोन डॉक्टरबाईंना बघण्यासारखी वाटली. माणसाच्या उपयोगाची आहेत की नाहीत, ते कळायला अजून किती वर्षं लागतील ते त्यांना सांगता येत नाही. खोकल्याचं काही नाही. पण एका लहानशा बाटलीवर लेख होत नाही; मोठा घाणा पुन्हा घालावा लागणार होता, तोही एकदा नाही, तीनदा, वेगवेगळ्या शेतांतून. ओरेस्ती तोवर निवृत्त झाला होता. तो पालामास्तर म्हणून आला, पगाराशिवाय, आणि दारात उभा राहून म्हणाला,

"बाई, कोठी हवी. पण रिकामी."

"घेवड्याचं काय करू?"

"घरात ठेवा."

"आणि निलगिरी?"

"घरातही नको. तुमच्या घराला नि कोठीला भिंत एकच आहे."

मी सिस्टरांच्या शाळेत शिकलेली बाई. जे मी बिघडवलं ते मीच निस्तरायचं. सात महिने माझी कोठी ओरेस्तीच्या पाल्याने भरलेली होती आणि मी पोत्यांना वळसा घालून पलंगावर चढत होते. तो रोज येऊन दार हुंगायचा, ज्याचा काही उपयोग नव्हता, म्हणून मागोमाग गौदेन्सियाला हुंगायला लावायचा. "काही नाही," ती सांगायची. "टोमॅटोच्या पाल्याचा घाण वास, तुमच्या लग्नातल्या कोटासारखा." तो ते वहीत लिहून घ्यायचा. वही आता त्यानेही केली आहे.

फेब्रुवारीत लेख छापून आला. ओरेस्तीचं नाव तिसरं आहे. दुसरं दार-एस-सलामच्या यंत्रावर बसणाऱ्या माणसाचं. गौदेन्सियाने छापलेल्या ओळीवर बोट ठेवून मोजलं.

"तिसरं?"

"बकरीच्या वर आहे," ओरेस्ती म्हणाला.

ती प्रत ती बादलीच्या तळाशी, टोमॅटोखाली, प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवते. बस जास्त वेळ थांबली तर दाखवते. आत एक वाक्य आहे, ते ओरेस्तीने मला वाचून दाखवलं: पाला इतर कोणतीही वनस्पती नसलेल्या बंद कोठीत सावलीत वाळवला.

गुरुवार, १३ फेब्रुवारी २०२०. दुपारी पाऊस, अर्धा तास. ओरेस्तीचा लेख आला, पानं सहा. पलंगाखालच्या घेवड्याला कीड लागली. दोन पोत्यांतून पाऊण पोतं चांगलं निघालं, ते पाखडून उन्हात घातलं.